खंडेनवमीची फिल्म

१

गहिनीनाथभाऊंच्या मिक्सिंग लॅबमध्ये सकाळ, दुपार असं काही नसायचं. सावेडीतली पहिल्या मजल्यावरची खोली, खिडक्यांना काळे पडदे, कारण टीव्हीवर उजेड पडला की रंग कळत नाहीत. जिल्हाभरातली लग्नं कॅसेटमध्ये बंद होऊन तिथे यायची. मिरजगावची, बेलापूरची, आणि नगरमधली जरा मिजासखोर लग्नं. भाऊ त्यांना गाणी लावायचे, बदामाच्या आकारात नवरानवरीचे चेहरे फिरवायचे आणि परत पाठवायचे. मी कॉम्प्युटरवर बसायचे. एकोणीसशे नव्याण्णव साल होतं. 'वेबसाइट' हा शब्द नगरकरांच्या तोंडात नुकताच बसत होता, आणि ज्याचा भाचा अमेरिकेत त्याला लग्न इंटरनेटवर हवं असायचं.

कॅसेटवरचं लग्न इंटरनेटवर टाकायचं म्हणजे एसटीच्या खिडकीतून डबलबेडची गादी आत कोंबायची. टेलिफोनच्या तारेतून जाईल इतकी फिल्म बारीक करावी लागते. ते काम करणाऱ्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन डिसेंबरात पुण्याहून सीडीवर आलं. जुनं व्हर्जन सगळं चित्र सारखंच खरवडायचं. नवं हुशार होतं. ते फिल्म दोनदा बघायचं. पहिल्या फेरीत काही लिहायचं नाही, नुसतं बघायचं की कुठे काय हलतंय. जिथे हालचाल दिसेल तिथे चित्रावर बारीक हिरवे चौकोन उमटायचे. दुसऱ्या फेरीत त्या चौकोनांना भरपूर जागा मिळायची, म्हणजे तेवढं चित्र स्वच्छ. जे हलत नाही ते एकदाच घ्यायचं आणि तसंच पुढे ढकलायचं. एकूण जागा ठरलेली असते. एकाला जास्त दिली की दुसऱ्याची कापावी लागते.

पहिल्यांदा आम्ही ते बेलापूरच्या एका लग्नावर लावून पाहिलं. चौकोन बँडवाल्यांवर नाचले, करवल्यांच्या बांगड्यांवर नाचले, मांडवातल्या पंख्यावरसुद्धा बसले. नवरदेवावर एकही नाही.

"हा नवरदेव हाय का फर्निचर?" भाऊ म्हणाले.

बऱ्याच दिवसांनी मी हसले. माझ्या भावाला जाऊन तेव्हा दोन महिने होत आले होते.

२

नागापूरच्या कंपनीची कॅसेट भाऊंनी माझ्यासमोर ठेवली, पण तिच्यावरचा हात काढला नाही.

"सूर्यभान साहेबांचं काम हाय. जर्मनीची पार्टी त्यांची वेबसाइट बघणार हाय म्हनं, नाताळाच्या आत पायजे. मला त्या नव्या व्हर्जनमधलं काय कळत न्हाई, न्हाईतर तुला दिलं नसतं. तुला चालंल ना, आराधना?"

त्या कंपनीत माझा दादा पॉवर प्रेसवर होता. नोहा भिंगारदिवे. खंडेनवमीच्या संध्याकाळी तो गेला. कंपनीचं म्हणणं असं, की त्या दिवशी पूजा झाली, पेढे वाटले, सगळे दुपारीच घरी गेले, आणि नोहा मनमाड रोडला मोटरसायकलवरून पडला. दवाखान्यातून तो आला तो गळ्यापर्यंत गुंडाळूनच. उघडू नका, बघवणार नाही, असं सांगायला कंपनीचे दोन लोक सोबत आले होते. एवढी काळजी तो जिवंत असताना कोणी घेतली नव्हती.

आम्ही शंका घेतली तर लोक आमच्याकडेच बघायचे. खंडेनवमीला कोणी मशीनला हात लावत नाही, हे नागापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मशीन धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू लावायचं, हार घालायचा आणि दसऱ्यापर्यंत झोपू द्यायचं. मग बंद मशीनवर माणूस मरेल कसा? शिवाय कंपनीकडे पुरावा होता. पूजेची फिल्म. चौकशीला आलेल्यांना तीच दाखवली होती. सगळी मशीनं बंद, सगळे हार जागच्या जागी.

मला एवढंच हवं होतं, की माझा भाऊ कुठे मेला ते कोणीतरी स्वतःच्या तोंडाने म्हणावं. पप्पांच्या समोर म्हणावं. त्यापुढचं काही मी तेव्हा मागत नव्हते.

"चालेल," मी म्हणाले आणि त्यांच्या हाताखालून कॅसेट ओढून घेतली.

३

फिल्म साधीच होती. लांबलचक शेड, दोन्ही बाजूंना प्रेस मशीनं, प्रत्येकाच्या गळ्यात झेंडूचा हार. पुढे सूर्यभान साहेब पांढऱ्या सफारीत, आरतीचं ताट ओवाळताहेत. उजव्या हातात पिवळ्या पुष्कराजाची ठसठशीत अंगठी. बाजूला कामगार टाळ्या वाजवताहेत. त्यांच्यात मी दादाला शोधलं. तो नव्हता. पार मागे, खिडकीच्या कोपऱ्यात एक मशीन होतं. त्या खिडकीतून चिंचेचं झाड दिसत होतं, त्यावरून ते दादाचं आहे हे मला कळलं. चिंचेबद्दल तो घरी सांगायचा. मशीनलाही हार होता. जवळपास कोणी नव्हतं.

मी पहिली फेरी लावली.

चौकोन आधी आरतीच्या ताटावर बसले, टाळ्यांवर बसले. म्हणजे बरोबर होतं. मग ते पातळ व्हायला लागले. टाळ्या चालूच होत्या, ताट फिरतच होतं, पण त्यांच्यावरचे चौकोन एकेक करून विझत गेले आणि मागच्या कोपऱ्यात उमटत गेले. फेरी संपली तेव्हा सगळा हिरवा रंग त्या एका मशीनपाशी गोळा झाला होता. सॉफ्टवेअरचं म्हणणं असं, की या शेडमध्ये जे काही हलतंय ते तिथे हलतंय.

मी माझ्या डोक्याला पहिल्यांदा शिव्या दिल्या. दादाचं मशीन म्हणून तुला तेच दिसतंय, बाई. मग कॅसेटला दिल्या. व्हीसीआरचं हेड स्पिरिटने पुसलं. ट्यूबलाइट फडफडत असेल, तर ती तिकडच्या भिंतीवर होती. वाऱ्याने हार हलत असेल, म्हणून मी स्क्रीनवर हाराच्या शेवटच्या फुलावर नख टेकवून पूर्ण फिल्म पाहिली. फूल नखाखालून सरकलं नाही. जुन्या व्हर्जनमध्ये फिल्म घातली. तिथे सगळं जसं असायला हवं तसं, म्हणजे वाईट. मी चर्चला जाणारी मुलगी. भुताखेतांना आमच्या घरात कधी कोणी विचारलं नव्हतं.

नव्या व्हर्जनवर मी दुसरी फेरी होऊ दिली आणि तयार झालेली फिल्म उघडली. कोपऱ्यातलं मशीन असं आलं होतं, की हाराची पाकळी न् पाकळी मोजावी. चिंचेची पानं वेगळी दिसत होती. मूळ कॅसेटवर सुद्धा ती इतकी दिसत नव्हती. आणि पुढे, ऐन मध्यभागी, सूर्यभान साहेबांच्या मनगटापासून पुढे नुसते कातडीच्या रंगाचे ठोकळे होते. ताट अधांतरी ओवाळत होतं.

जागा ठरलेली असते, हे मी वर सांगितलंच.

४

घरी त्या वर्षी स्टार लावलेला नव्हता. आमच्या गल्लीत डिसेंबर लागला की दारोदारी कागदी चांदण्या लटकतात. आमचा स्टार माळ्यावर पडून होता. तो दरवर्षी दादा चढवायचा, आणि पप्पांनी यंदा त्याचं नावच काढलं नव्हतं.

पप्पा म्हणजे शांतवन सुतार. आडनाव भिंगारदिवे, पण सगळे सुतारच म्हणायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, तरी लाकूड हाताने चाचपून अजून चौकट जोडायचे. दादाला पुरायची पेटी त्यांनी स्वतः केली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांना भाकरी वाढत होते. ते जेवता जेवता थांबले.

"नोहा लई सावकाश चालवायचा गाडी," ते म्हणाले. हे ते रोज म्हणायचे. पण त्या दिवशी पुढेही बोलले. "तुला एक सांगितलं न्हाई, आराधना. पेटीसाठी माप घेतलं तवा मी फडक्यावरनं हात फिरवला. खांदे बराबर हुते. पाय बराबर हुते. हात आखूड लागले."

मी भाकरी तव्यावर तशीच ठेवली.

"मला वाटलं, माजीच बोटं चुकत असतील. दिसत न्हाई तर काय खरं मानायचं." त्यांनी पाण्याचा तांब्या चाचपला. "सांगनार कुनाला? रस्त्यात पडलेल्या मानसाचे हात कशाला आखूड हुतील?"

दादाने मला एकदा प्रेस समजावून सांगितलं होतं. मोठं चाक फिरत असतं. तुम्ही खाली पत्रा सरकवायचा आणि पायडल दाबायचं, की वरचं धूड खाली येतं. "एकदा पायडल दाबलं ना," तो म्हणाला होता, "की स्ट्रोक पुरा होईस्तवर थांबत न्हाई. मधीच मन बदललं तर मशीनला काय त्याचं." हे त्याने हसत सांगितलं होतं, कारण मी त्याच वेळी लग्नाला नकार कसा कळवायचा ते विचारत होते.

भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा मी उठले. मला इतका राग आला होता की चिमटा सापडेना, आणि तो माझ्या हातातच होता.

५

गुरुवारी मी नव्या व्हर्जनमधला आवाजाचा भाग उघडला. त्यात एक सोय होती. मागची खरखर ओळखायची आणि काढून टाकायची, म्हणजे आवाजालाही कमी जागा लागते. पूजेच्या फिल्ममध्ये घंटा होती, टाळ्या होत्या, आरती म्हणणारे आवाज होते. मी सोय चालू केली आणि हेडफोन लावला.

त्याने घंटा काढून टाकली. मग टाळ्या काढल्या. आरती गेली. म्हणजे माणसांचे सगळे आवाज त्याने खरखर ठरवले. त्यानंतर जे राहिलं ते आधी मला माझ्या कानातलं रक्त वाटलं. जड, सारख्या अंतराने येणारं. धप्. मध्ये चाकाची घरघर. धप्. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला तरी टेबलाला ते जाणवत होतं. चहाच्या कपातल्या सायीवर बारीक वर्तुळं येत होती.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. सूर्यभान साहेबांचा ड्रायव्हर पुंजाराम फिल्म कुठवर आली ते विचारायला आला होता. मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. मोठ्या कंपनीत मेलेल्या कामगाराची बहीण कोण ओळखतो? मी त्याला चहा दिला.

"साहेब स्वतः आले नाहीत?"

"साहेबाचं काय खरं न्हाई, ताई." त्याने बशीत चहा ओतला. "सोमवारपास्नं हातात कप ऱ्हात न्हाई. काल सही करताना पेन पडला. डाक्टर म्हनतो शीर दबली. नुसते बसले की बसूनच ऱ्हात्यात, हात मांडीवर टाकून."

सोमवारी मी पहिली फेरी लावली होती. योगायोग असतात. डॉक्टर म्हणत असेल तर शीर दबलीच असेल. हे सगळं मी मनात नीट ओळीने मांडलं, पुंजाराम जिना उतरेपर्यंत थांबले, आणि फिल्म पुन्हा पहिल्या फेरीला लावली. खोटं कशाला बोलू? या खेपेला ते काम कंपनीच्या फिल्मसाठी नव्हतं.

चौकोन सरळ कोपऱ्यात गेले. ताटाकडे, टाळ्यांकडे ते वळलेसुद्धा नाहीत. आणि आता ते मशीनवर पसरलेले नव्हते. मशीनच्या पुढ्यात, स्टुलाच्या उंचीपासून वर, अरुंद होऊन उभे होते. वरच्या टोकाला थोडे पुढे झुकलेले. पत्रा सरकवताना माणूस जसा झुकतो तितके.

६

दुपारी लोडशेडिंग झालं. पंखा थांबला, टीव्ही गेले. कॉम्प्युटर तेवढा बॅटरीवर चालू राहिला आणि त्याच्या उजेडात गहिनीनाथभाऊ माझ्या मागे येऊन उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. स्क्रीनवर हिरवी आकृती झुकत होती, सरळ होत होती.

"हे जुन्या व्हर्जनवर कर," ते म्हणाले. "कशी का दिसंना, करून देऊन टाक."

"भाऊ, शूटिंग तुम्ही केलं होतं ना?"

ते खाली बसले. खुर्ची होती, पण ते जमिनीवर बसले.

"पूजा झाल्यावर साहेब म्हनले, बंद मशीनं काय दाखवायची फॉरेनच्या लोकांना? एखादं चालू दाखवा. कुनी पुढं येईना. सहादेव मिस्त्री इतका जुना मानूस, तो म्हनला साहेब, नोकरी गेली तरी चालंल, हार घातलेल्या मशीनला आज हात लावनार न्हाई." भाऊंनी तोंडावरून हात फिरवला. "मग साहेबांनी नोहाला हाक मारली. म्हनले, नोहा, तुमच्यात हे काय नसतं. तू चालव."

"त्याचंपन मन नव्हतं. मला म्हनला, भाऊ, सगळे बघत्यात, बरं न्हाई वाटत. पन गेला. मशीनचा हार काढायचा न्हाई, फोटोत चांगला दिसतो, आसं साहेब म्हनले. हार खाली लोंबत हुता. प्रेसच्या वरच्या धुडाखाली गुतला. तो सोडवायला त्यानं हात घातले, आन् पाय पायडलवर हुता. दोन्ही हात, आराधना. गाडी यायला लई वेळ लागला. मी कॅमेरा बंद केल्ता. तेवढी टेप पुसून टाकली, मशीनवर नवा हार घातला, पूजेचं सगळं पुन्हा शूट केलं. फरशी धुतली हुती आधी."

म्हणजे आम्ही जी फिल्म पाहत होतो, ती दादा गेल्यानंतरची होती. त्या टाळ्या नंतरच्या होत्या. आरती नंतरची. आणि तरी त्या कोपऱ्यात कोणीतरी पत्रा सरकवत होतं.

"माज्या घरात दोन लेकरं हाईत," भाऊ म्हणाले. "त्याच्या नावानं मी रोज उदबत्ती लावतो."

"आम्ही उदबत्ती लावत नाही," मी म्हणाले. "साहेबांना फोन करा. फिल्म तयार आहे, बघायला या म्हणावं. आणि तुम्ही स्वतः जाऊन माझ्या घरून पप्पांना घेऊन या."

भाऊ माझ्याकडे बघत राहिले. मग उठून फोन लावला, कारण माझ्याकडे बघण्यापेक्षा त्यांना ते सोपं वाटलं असणार.

७

पप्पांना मी भिंतीकडच्या खुर्चीत बसवलं. "कशाला आनलं मला?" ते विचारत होते. "मला टीव्हीतलं काय दिसनार?" मी म्हटलं, ऐकायला आणलंय.

सूर्यभान साहेबांना पुंजारामने दंडाला धरून वर आणलं. फिल्ममध्ये होते त्यापेक्षा ते वाळले होते. सफारी तीच, अंगठी तीच. त्याने त्यांना माझ्या शेजारी बसवलं, त्यांचे हात उचलून त्यांच्या मांडीवर ठेवले आणि खाली गाडीपाशी निघून गेला.

"दाखवा, बाई," साहेब म्हणाले. "जर्मनीचे फोन चालू आहेत."

मी दुसरी फेरी सुरू केली. स्क्रीनवर डावीकडे मूळ फिल्म दिसत होती आणि उजवीकडे तयार होत जाणारी. खाली निळी पट्टी हळूहळू भरत होती. उजवीकडे साहेबांचा चेहरा उमटला आणि विरघळायला लागला. आधी कपाळ सपाट झालं, मग डोळ्यांच्या जागी दोन करडे चौकोन राहिले.

"हे काय? माझं तोंड कुठंय?"

"हे व्हर्जन हलणाऱ्या माणसाला जागा देतं, साहेब. ते म्हणतंय तुम्ही हलत नाही."

"मूर्खपणा. मी आरती करतोय की."

"मागे बघा."

त्यांनी बघितलं. त्यांचा श्वास ऐकू आला. हाराच्या मागे मोठं चाक फिरत होतं. लॅबमधल्या लोखंडी कपाटाचं दार त्याच तालात थरथरायला लागलं. धप्. पप्पांनी मान वर केली. सुताराच्या कानाला लाकडातला आवाज आणि लोखंडातला आवाज वेगळा कळतो.

"परेस चाललाय कुठं?" पप्पांनी विचारलं.

साहेबांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "हे कोण?"

"नोहाचे वडील. मी बहीण. त्यांना सांगा तो कुठे गेला."

त्यांनी उठायचा प्रयत्न केला. उठायला हात टेकवावे लागतात. त्यांचे टेकले नाहीत. ते खुर्चीतच थोडे हेलकावले आणि परत बसले. उजवीकडच्या चित्रात त्यांच्या जागी आता मागची भिंत दिसत होती आणि भिंतीपुढे हवेत तरंगणारं ताट. कोपऱ्यात मात्र निळा शर्ट उमटला होता. पाठमोरा. कॉलरला मीच घातलेला ठिगळाचा तुकडा.

"बंद करा," ते म्हणाले. "बाई, माझे हात... बंद करा ते."

"आधी सांगा."

"कंपनीत," ते म्हणाले. आवाज फाटला होता. "कंपनीत गेला तो. मशीनवर. मी चालवायला लावलं होतं. बाकीचे हात लावेनात, त्यांच्यात चालतं म्हणून मी... तो नाही म्हणत होता. रस्त्याचं आम्ही ठरवून सांगितलं. झालं? सांगितलं मी. आता बंद करा."

खोलीत फक्त चाक ऐकू येत होतं. गहिनीनाथभाऊ दाराशी तोंड फिरवून उभे होते. पप्पांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. त्यांच्या ओठांची हालचाल मला ओळखीची होती, ते प्रार्थना म्हणत होते. मग ते म्हणाले, "बोलला तो. माजं समाधान झालं. नोहाचंबी हुईल. बंद कर आता, पोरी. मानूस रडतोय."

माणूस खरंच रडत होता. पट्टी थोडीशीच भरायची राहिली होती. पट्टीच्या शेजारी 'रद्द करा' असं बटण असतं, माउसचा बाण त्याच्या जवळच होता. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. तोंडाने, पप्पांच्या समोर.

मी माउसवरून हात काढला आणि मांडीवर ठेवला.

"आराधना," पप्पा म्हणाले.

पट्टी भरत गेली. पाठमोरा शर्ट पत्रा घ्यायला बाजूला वळला. चेहरा नाही दिसला. गाल दिसला असेल, कान दिसला असेल. मी तिकडे बघतच नव्हते, मी बाह्यांकडे बघत होते. बाह्यांच्या टोकांना आधी काही नव्हतं. मग चौकोन भरले, स्वच्छ झाले, आणि पत्र्यावर दोन हात दिसले. नखं दिसावीत इतके स्वच्छ. चांगले गुबगुबीत, सांभाळलेले हात. उजव्या हातात पिवळा खडा चमकला आणि पत्र्याखाली गेला.

धप्.

पट्टी पूर्ण झाली. शेजारच्या खुर्चीतून ओरडणं वगैरे काही आलं नाही. सूर्यभान साहेब मान खाली घालून स्वतःच्या मांडीवर बघत होते, एखादी वस्तू दुसऱ्या कोणाची तरी तिथे राहिली आहे असं. अंगठी अजून त्यांच्या बोटातच होती. बोटं मेणाच्या रंगाची झाली होती.

पुंजारामने त्यांना उचलूनच खाली नेलं.

८

घरी जाताना रिक्षा पत्रकार चौकाच्या पुढे आली तेव्हा पप्पांनी माझं मनगट शोधलं आणि धरलं. मी त्यांचं ऐकलं नाही हे त्यांना कळलं होतं.

"तुला दिसला का त्यो?" त्यांनी विचारलं.

"दिसला."

"धड हुता?"

"हो, पप्पा."

"हात हुते त्याला?"

रिक्षा खड्ड्यातून गेली, मी दांडा धरला. "होते," मी म्हणाले. "दोन्ही होते."

त्यांनी माझं मनगट सोडलं आणि डोळे पुसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांना मोकळं रडताना पाहिलं. घरी पोचल्यावर ते म्हणाले, माळ्यावरचा स्टार काढ, लावूया. मी स्टुलावर चढले आणि त्यांनी खालून स्टूल धरलं. बल्ब लागला, कागद लाल झाला, शेजारची मंडळी बघायला बाहेर आली.

अंगठीचं मी त्यांना सांगितलं नाही. अजूनही नाही.